राखेच्या डब्यातलं वांगं

भाद्रपद सरत आला की आमच्या परसात माझ्या नावानं कामांची यादी निघते. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे त्या यादीत सबबीला जागा नसते. पावसानं माजलेलं गवत काढायचं. हरळी मुळासकट खणायची, वरवर कापून 'झालं' म्हणायचं नाही. लिंबाच्या बुंध्याशी फुटलेले पाणसोट, म्हणजे फळ न धरणारे फुटवे, छाटायचे. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू वाऱ्यानं लोळतो, त्याला काठ्यांचा आधार द्यायचा. म्हातारी झालेली भेंडी उपटायची, शेणखत पसरायचं आणि वाफसा आला की वाफे पाडून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा टाकायचा. वाफसा म्हणजे मुठीत माती दाबली तर ढेकूळ व्हावं आणि बोटानं टोचलं तर ते फुटावं, अशी ओल. ती आली म्हणता म्हणता जाते. म्हणून वाफसा आला की आमच्या घरात पाहुण्यालासुद्धा खुरपं हातात मिळतं.

नोकरीत होतो तोवर मी या यादीतून शिताफीनं निसटायचो. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं उगवण चाचणीचं काम केलं. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, गुंडाळी करून ठेवायची, ठरल्या दिवशी उघडून किती उगवल्या ते बघायचं. दिवसभर बी बघून आलेल्या माणसाला घरी पुन्हा माती उकरायला लावू नये, असं माझं म्हणणं असे आणि ती ते ऐकून घेई. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि हे म्हणणं माझ्याबरोबरच निवृत्त झालं.

यंदाचा भाद्रपद वेगळा होता. वैशाखात सासूबाई गेल्या. मंठ्याच्या पुढं एका खेड्यात त्या मुलगा-सुनेजवळ राहायच्या आणि घरामागं त्यांचं वांग्याचं एक जुनं वाण होतं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, लिंबाएवढं. देठाला काटे, पानालाही काटे. तोडायला गेलं की बोट रक्ताळणार. पण भरून शिजवलं की लोणी. दरवर्षी त्या एक वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायच्या, मग ते फोडून बी राखेत चोळायच्या, सुकवायच्या आणि त्यातलं मूठभर राखेसकट लेकीला द्यायच्या. भाद्रपदात लेक ते वाफ्यात टाकायची. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्याला 'गावठी वांगं' म्हणायचो आणि दोन भाकरी जास्त खायचो.

आई गेली तेव्हा बायको रडली नाही. दिवस झाले, आली, दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मला वाटलं, मास्तरीणबाई आहे, सांभाळलंय तिनं.

घट बसायला चार-पाच दिवस होते. त्याच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुऊन निघतं. गोधड्या, पडदे, डबे, देवाची भांडी. बायको शाळेत गेलेली. मी म्हटलं, आज तिला चकित करू. समई, ताम्हन, कलश, पंचपाळं असं सगळं मागच्या मोरीवर मांडलं. चिंच भिजवली. आता तांब्यापितळेला राखेसारखं काही नाही, पण गॅसच्या घरात राख आणणार कुठून? मग आठवलं, कोठीच्या फळीवर चहाच्या जुन्या डब्यात राख असते. गावाहून येताना बायको ती जपून आणते. भांड्यांसाठीच आणत असणार, दुसरं कशाला? मी डबा काढला, नारळाची शेंडी घेतली आणि बसलो घासायला. राख जराशी खरखरीत लागली. मला उलट बरं वाटलं, डाग लवकर निघतील. शेवटी डबाही आतून खंगाळून उन्हात पालथा घातला.

अठ्ठावीस वर्षं बियाण्यात काढलेल्या माणसाला हातातलं बी कळू नये, याचं आश्चर्य वाटेल. मलाही वाटतं. पण मला बी ठाऊक होतं ते औषध चोळून गुलाबी केलेलं, चंदेरी पाकिटातलं, वर चिठ्ठी लावलेलं. राखेतलं बी मी कधी हातात धरलंच नव्हतं.

साडेपाचला ती आली. मी ओळीनं मांडलेली भांडी दाखवली. पितळ सोन्यासारखं चमकत होतं.

"काय मस्त निघाली!" ती म्हणाली. "काय लावलं?"

"राख. कोठीतली."

तिनं पर्स खाली ठेवली नाही. तशीच मागच्या दारी गेली, पालथा डबा उचलून आत बघितलं, बोट फिरवलं. मग डबा होता तसा पालथा ठेवला.

"त्याच्यात आईचं वांगं व्हतं," ती म्हणाली. "रविवारी टाकायचं व्हतं."

"दुसरं असंल ना कुठं तरी?"

"न्हाई."

मला वाटलं, आता भडका उडणार. उडाला असता तर बरं झालं असतं. मी चिडका माणूस आहे. मला भांडण कळतं, त्यात काय करायचं ते कळतं. पण तिनं साडी बदलली, खुरपं घेतलं आणि अंधार पडेपर्यंत हरळी खणत बसली. मी जवळ जाऊन बसलो तर म्हणाली, "तुम्हाला माहीत न्हवतं. जाऊ द्या." ते 'जाऊ द्या' मला शिवीपेक्षा झोंबलं. मी तिथंच ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

सकाळी ती शाळेत गेली आणि मी कामाला लागलो. मोरीचं पाणी आमच्याकडं एका उघड्या नालीतून केळी आणि अळूच्या बुडाशी जातं. त्या नालीचा वरचा थर मी खुरप्यानं अलगद खरवडला. अळूखालचाही. चार घमेली गाळ निघाला. मोसंबीचे रिकामे क्रेट होते, त्यात गोणपाट अंथरून गाळ बोटभर जाडीनं पसरला, बी असेल तर उगवावं म्हणून वर पाणी शिंपडलं. प्रत्येक क्रेटला चिठ्ठी लावली, कुठला गाळ, कोणत्या वाराला भरला. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बराच वेळ बघत होते.

"काय चालू राह्यलं हे?"

"चिखल वाळवून राह्यलो," मी म्हटलं.

त्यांनी पुढं विचारलं नाही. निवृत्त माणसाला लोक सांभाळून घेतात.

मग मला शेंडी आठवली. ती मोरीच्या कोपऱ्यात सुकून पडली होती. मी ती ओट्यावर पांढऱ्या कागदावर ठेवली, नोकरीतलं भिंग काढलं, सुई घेतली आणि एकेक धागा वेगळा करायला बसलो. जेवण राहिलं, चहा राहिला. धाग्यांत राख होती, चिंचेचे चोथे होते आणि त्यात चपटं, मातकट, तिळाहून लहान असं एक बी होतं. मी ते चिमट्यानं उचलून बशीत ठेवलं आणि वर वाटी पालथी घातली. आयुष्यभरात किती बिया मांडल्या असतील, एकीवर कधी अशी वाटी झाकली नव्हती.

दिवसअखेर बशीत सात बिया होत्या. दोन पितळेवर घासून सोललेल्या, एक फुटकी. उरलेल्या चार धड दिसत होत्या. सातही ओल्या टिपकागदात मांडून, गुंडाळी करून मी फ्रिजच्या मागं उबेला ठेवल्या. बायकोला सांगितलं नाही. सात बियांची आशा दाखवायची आणि सात दिवसांनी ती हिसकावून घ्यायची, हे मला नको होतं.

आणि सात बियांवर विसंबून राहण्याइतका मी खुळा नव्हतो. सासूबाई गावात सगळ्यांना बी वाटत असणार, असा माझा हिशेब होता. दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल काढली आणि मंठ्याच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं, कपाशी कमरेएवढी. रस्त्यात एक सर येऊन गेली, मी थांबलो नाही.

मेहुणा शेतात होता. त्याची बायको दारातच भेटली. आईच्या दिवसांनंतर मी पहिल्यांदाच जात होतो. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. मी सरळ विचारलं.

"वहिनी, त्या काटेरी वांग्याचं बी आहे का थोडं?"

"कुठलं दाजी?" ती म्हणाली. "आम्ही चार-पाच साल झाले ते लावलंच न्हाई. तुम्हीच तं पाकिटं आणून देत व्हते दरसाल."

खरं होतं. दिवाळीला, अक्षय्य तृतीयेला सासुरवाडीला जाताना मी कंपनीची नमुन्याची पाकिटं पिशवी भरून न्यायचो. मिठाईपेक्षा त्याचं कौतुक जास्त व्हायचं. जावई गावात आला की ओट्यावर माणसं जमायची.

"गावात कोणाकडं असंल?"

"मला न्हाई वाटत. पण बघा जाऊन."

मी बघून आलो. चावडीमागच्या घरात, विहिरीजवळच्या घरात, सासूबाईंच्या मैत्रिणीकडं. सगळ्यांच्या परसात वांगी होती. तजेलदार, जांभळी, बिनकाट्याची, एकासारखं एक. मी ती लांबून ओळखली. ते वाण माझ्याच टेबलावरून पास होऊन गेलेलं होतं. मैत्रीण तर माझा हात धरून म्हणाली, "बाप्पा, लई फळतंय तुमचं बी! आता कोण त्या काट्यात हात घालतंय?" ती मनापासून आनंदानं सांगत होती आणि मी मान हलवत उभा होतो. सासूबाईंचं वांगं मी परवा मोरीवर संपवलं, असं मी समजत होतो. त्याची सुरुवात मी कितीतरी वर्षं आधी केली होती, आणि तेही हसत, पाहुणचार घेत.

परत निघताना मेहुण्याच्या बायकोनं पिशवीत कोवळ्या मक्याची कणसं घातली आणि सासूबाईंबद्दल म्हणाली, "आत्याबाई तेवढ्या ठेवायच्या ते बी. म्हणायच्या, जावयानं आणलंय ते तुम्ही लावा, हे मी माझ्या लेकीपुरतं ठेवते. त्या गेल्या, मंग आम्हाला ध्यानच ऱ्हायलं न्हाई."

घरी आल्यावर मात्र मी बायकोला सगळं सांगितलं. शेंडीतल्या सात बियाही सांगितल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सात बिया गेल्या तर तिच्या आईचं वांगं या जगात नाही, हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. तिनं ऐकून घेतलं. "तुम्ही सगळ्यांच्या घरी गेल्ते?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ती उठून कणसं सोलायला लागली.

त्या आठवड्यात परसातलं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण सलग आठ दिवस एका वाफ्यात बसल्याचं मला आठवत नाही. धने रगडून त्याच्या डाळी करायच्या, मगच टाकायच्या, हे तिनं दाखवलं. मेथी दाट फेकायची, पालक विरळ. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून टोचायच्या. मला शास्त्र माहीत होतं, हात नव्हता. मी वाफा इतका नेटका, काटकोनात आखला की ती म्हणाली, "मेथी उगवायची की परेड करायची?" त्या दिवसांतलं तिचं ते पहिलं थट्टेचं बोलणं. मला फार बरं वाटलं.

क्रेटमधल्या गाळात भराभर उगवलं. टोमॅटो उगवला, मिरची उगवली, गवत तर विचारूच नका. मी रोज सकाळी भिंग घेऊन वाकायचो. वांग्याचं एकही नाही. चिंचेच्या आणि साबणाच्या पाण्यातून वाहत गेलेलं बी, त्याचा तरी काय दोष.

घट बसून पाच दिवस झाले होते तेव्हा मी टिपकागदाची गुंडाळी उघडली. सोललेल्या दोन्ही कुजलेल्या. फुटकी कुजलेली. धड दिसणाऱ्या चारांतल्या दोन तशाच निपचित. आणि दोघींना पांढरे कोंब. मी हाका मारत सुटलो. बायको पिठाच्या हातानं आली. आम्ही दोघं ओट्यावर वाकून ते दोन पांढरे धागे बघत राहिलो. कंपनीत एवढी कमी उगवण असलेलं बियाणं मी त्याच दिवशी नापास केलं असतं.

दोन कुंड्यांत दोन रोपं लावली. एक दोन पानांवर असतानाच बुडाशी गळपटून मेलं. पाणी मीच जास्त घातलं होतं, कबूल करतो. दुसऱ्याला मग मी हात लावला नाही. ते तिनंच सांभाळलं. पावसानंतर गोगलगायी सुटतात, म्हणून कुंडीभोवती राखेचं कडं केलं. ती राख मी शेजाऱ्यांच्या बंबातून मागून आणली आणि घालायच्या आधी बोटांनी चाळून चाळून बघितली. दिवाळीनंतर रोप वाफ्यात गेलं. शेजारीपाजारी दुसरी वांगी होती, परागांची भेसळ नको म्हणून कळ्या आल्या तशा मी त्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. झाड बघायला आलेली माणसं विचारायची, ह्याला सर्दी झालीये का?

पौषात पहिलं वांगं धरलं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, देठाला काटे. त्याच्या मागून वरच्या फांदीला हरभऱ्याएवढं दुसरं. मी पहिल्याच्या देठाला लाल चिंधी बांधली. हे बियाला राखायचं. एकच झाड, थंडीचे दिवस, दुसरं टिकेल न टिकेल. पहिलं पिवळं होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं मी घरात जाहीर केलं. घरात म्हणजे बायकोला.

भोगीच्या दिवशी सकाळी मी अंगणातून आत आलो तर ओट्यावर गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, बोरं आणि त्यांच्या शेजारी ते वांगं. चिंधी अजून देठालाच होती.

माझा ताबा सुटला. "हे काय केलं तू? एवढ्यासाठी मी चिखल उपसला? सुईनं शेंडी उसवली? झाडाला काही झालं तर काय करायचं आपण? सांग ना!"

ती माझ्याकडं बघत होती. विळी तशीच उभी.

"आई पहिलं वांगं कधीच बियाला ठेवायची न्हाई," ती म्हणाली. "पहिलं लेकीचं. भोगीला मी गेले की मला वाढायची. पोरांना न्हाई, दादाला न्हाई, बापालासुद्धा न्हाई. मी नोकरीत अडकले तर एष्टीनं पाठवायची. दुसऱ्याचं बी धरायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला बियाणं नको व्हतं हो. मला ते खायचं व्हतं. आता मला कोण वाढंल? म्हणून मीच तोडून आणलं."

आणि ती रडायला लागली. वैशाखापासून राहिलेलं सगळं ती ओट्याला टेकून रडली. इतके महिने मी एक वाण वाचवत होतो, आणि माझ्या घरात, माझ्यासमोर, एक आई नसलेली लेक भाज्या निवडत होती, हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याबद्दल जे वाटलं ते तीस वर्षांत मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, तेव्हाही नाही.

मी विळी माझ्याकडं ओढून घेतली. "तू बस," म्हटलं. "पाटावर बस जाऊन."

"तुम्हाला येतं का?"

"सांगत राहा. मी करतो."

चिंधी सोडली. बोटात दोन काटे गेले. देठ ठेवून वांग्याला चार चिरा दिल्या. तिनं बसल्या जागेवरून सांगितलं तसं शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, काळा मसाला, गूळ एकत्र करून भरलं. एका वांग्यासाठी एवढा पसारा मी केला की ओटा दिसेना. मंद आचेवर झाकण ठेवून त्याच्यासमोर उभा राहिलो. बाजरीच्या भाकरी तिनं आधीच थापून ठेवल्या होत्या, तीळ लावलेल्या.

ताट केलं. अख्खं वांगं तिच्या पानात, तेल-मसाल्यासकट. माझ्या पानात भोगीची भाजी. तिनं देठ धरून वांगं मोडलं, भाकरीचा तुकडा बुडवला, खाल्ला. मी समोर बसून निकालाची वाट बघत होतो.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली, आणि डोळे न पुसताच दुसरी भाकरी मागितली.